जुन्या ट्रॅक्टरची खरी किंमत किती? घसारा आणि टक्केवारीचा हिशेब सोप्या भाषेत

दोन भावांची वाटणी सुरू आहे असं समजू. जमीन मोजून झाली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, जनावरं वाटून झाली. गाडं अडलं ते दारातल्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर थोरला चालवतो, म्हणून तो त्याच्याकडेच राहणार आणि धाकट्याला निम्मे पैसे मिळणार, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण निम्मे म्हणजे कशाचे निम्मे?

"दादा, नव्याला आठ लाख पडतात. ह्याचे सहा तरी धर," असं धाकट्याचं म्हणणं. "अरे, पाच वर्षं रात्रंदिवस राबलाय तो. तीनच्या वर कोण देईना," असं थोरल्याचं. चावडीवरचा तिसरा माणूस मध्येच हिशेब मांडतो, "वर्षाला १५ टक्के घट धरतात. पाच वर्षांचे ७५ टक्के गेले. उरले दोन लाख." आता तीन माणसं आणि तीन आकडे. बोलणं वाढतं आणि ट्रॅक्टरच्या किमतीवरून भावाभावांत अबोला धरला जातो.

गावागावांत असे प्रसंग घडतात. कधी वाटणीत, कधी जुनी पिकअप घेताना, कधी अपघातानंतर विम्याचे पैसे कमी आले म्हणून. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे घसारा. तो काढायला मोठं गणित लागत नाही. मोबाईलमधला साधा कॅल्क्युलेटर आणि टक्केवारीची नीट समज एवढं पुरतं.

घसारा म्हणजे काय?

वस्तू वापरून झिजते, जुनी होते, बाजारात नवं मॉडेल येतं. यामुळे तिच्या किमतीत दरवर्षी जी घट होते तिला घसारा म्हणतात. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मोटारसायकल, विहिरीवरची मोटार, ठिबकचा संच, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, दुकानातला फ्रीज या सगळ्यांना घसारा लागतो. जमिनीला मात्र लागत नाही. जमिनीचा भाव चढेल किंवा उतरेल, पण ती वापरून संपते असं हिशेबात धरत नाहीत.

घसारा हा खर्चच आहे, पण तो खिशातून जाताना दिसत नाही. डिझेलचे पैसे पंपावर रोख मोजावे लागतात, ड्रायव्हरची मजुरी हातात द्यावी लागते. घसाऱ्याचे पैसे कुणी मागायला येत नाही. दहा वर्षांनी नवा ट्रॅक्टर घ्यायची वेळ येते तेव्हाच तो एकदम समोर उभा राहतो.

सरकारही शेतीचा उत्पादन खर्च काढताना घसारा धरतं. हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाच्या खर्चात बियाणं, खत, मजुरी यांच्यासोबत अवजारांचा आणि शेतावरच्या इमारतींचा घसाराही मोजतो. मग शेतकऱ्याने आपल्या वहीत तो का सोडावा?

आधी टक्केवारी पक्की करू

टक्का म्हणजे शंभरातला एक भाग. जुनी माणसं 'शेकडा' म्हणायची. शाळेच्या गणितात 'द.सा.द.शे.' लिहिलेलं असायचं, म्हणजे दरसाल दर शेकडा. अर्थ एवढाच की वर्षाला दर शंभर रुपयांमागे किती.

यातला 'दरसाल' हा शब्द सुटला की माणूस फसतो. सावकार 'शेकडा दोन' म्हणतो तेव्हा तो बहुधा महिन्याचं बोलत असतो. महिना शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचा १० टक्के दर वर्षाचा असतो. ऐकायला दोन लहान वाटतात, पण दर मात्र दुपटीहून जास्त आहे.

कॅल्क्युलेटरवर टक्केवारीसाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली: ८,००,००० चे १५ टक्के काढायचे तर ८,००,००० × १५ ÷ १०० करावे. उत्तर १,२०,०००.

दुसरी: १५ टक्के वजा होऊन किती उरलं ते थेट काढायचं तर ०.८५ ने गुणावे, कारण १०० मधून १५ गेले की ८५ उरतात. ८,००,००० × ०.८५ = ६,८०,०००.

तिसरी: किंमत किती टक्के उतरली ते पाहायचं तर उतरलेली रक्कम भागिले मूळ रक्कम, गुणिले १००. आठ लाखांची वस्तू पाच लाखांवर आली तर ३,००,००० ÷ ८,००,००० × १०० = ३७.५ टक्के. भागताना नेहमी मूळ, म्हणजे आधीची रक्कम घ्यायची. पुष्कळांची चूक इथंच होते.

एक उदाहरण पाहा. ५ लाखांच्या वस्तूचा भाव २० टक्के उतरला, ४ लाख झाले. पुढच्या वर्षी २० टक्के चढला. मग किंमत परत ५ लाख झाली का? नाही. चार लाखांचे २० टक्के ८० हजार होतात, म्हणजे किंमत ४,८०,०००. उतरताना टक्के पाच लाखांवर होते, चढताना चार लाखांवर. पुन्हा पाच लाखांवर यायला २५ टक्के चढ लागते. म्हणून कुणी टक्के सांगितले की पहिला प्रश्न विचारावा, 'कशाचे टक्के?'

घसारा काढायच्या तीन रीती

वाटणीतल्या त्याच ट्रॅक्टरवर हिशेब करून पाहू. खरेदी किंमत ८,००,००० रुपये, वापर ५ वर्षे, मीटरवर ६,५०० तास. त्याच मॉडेलची आजची किंमतही आठ लाखच धरू.

पहिली रीत: दरवर्षी सारखा घसारा

कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण १० वर्षे किंवा १०,००० तास आणि शेवटी राहणारी किंमत मूळ किमतीच्या १० टक्के धरण्याची पद्धत आहे. म्हणजे दहा वर्षांनी ८०,००० रुपये उरतील.

८,००,००० − ८०,००० = ७,२०,०००
७,२०,००० ÷ १० वर्षे = वर्षाला ७२,००० रुपये

पाच वर्षांत ३,६०,००० गेले. आज उरली किंमत ४,४०,०००.

ही रीत सगळ्यात सोपी. घरची वही ठेवायला, भाड्याचा दर ठरवायला हीच बरी पडते.

दुसरी रीत: उरलेल्या किमतीवर घसारा

यात टक्के दरवर्षी तेच, पण ते मूळ किमतीवर न लावता मागच्या वर्षी उरलेल्या किमतीवर लावायचे. दर १५ टक्के धरला तर:

पहिलं वर्ष: घसारा १,२०,०००, उरले ६,८०,०००
दुसरं वर्ष: घसारा १,०२,०००, उरले ५,७८,०००
तिसरं वर्ष: घसारा ८६,७००, उरले ४,९१,३००
चौथं वर्ष: घसारा ७३,६९५, उरले ४,१७,६०५
पाचवं वर्ष: घसारा ६२,६४१, उरले ३,५४,९६४

चावडीवरच्या माणसाची चूक आता ध्यानात येईल. त्याने १५ ला ५ ने गुणून ७५ टक्के काढले आणि ते सगळे मूळ आठ लाखांवर लावले. प्रत्यक्षात पाच वर्षांत ४,४५,०३६ रुपये, म्हणजे साधारण ५५.६ टक्के घट झाली. दोन लाख आणि साडेतीन लाख यात दीड लाखाचा फरक आहे, आणि तो फक्त 'कशाचे टक्के' हे न विचारल्यामुळे पडला.

कॅल्क्युलेटरवर हे झटपट होतं. ८,००,००० ला पाच वेळा ०.८५ ने गुणावं, झालं. नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की पहिल्या वर्षा-दोन वर्षांत किंमत जास्त उतरते आणि पुढे हळूहळू उतरते, हा बाजारातला अनुभव या रीतीशी जास्त जुळतो.

तिसरी रीत: तासांवर घसारा

वर्षं सगळ्यांची सारखी, पण वापर सारखा नसतो. एक ट्रॅक्टर घरच्या पाच एकरांपुरता चालतो, दुसरा सुगीत गावभर नांगरट करतो आणि वर ऊसही ओढतो. दोघांचं वय पाच वर्षे असलं तरी झीज वेगळी. तेव्हा तास मोजावेत.

७,२०,००० ÷ १०,००० तास = तासाला ७२ रुपये घसारा
६,५०० तास × ७२ = ४,६८,०००
उरली किंमत ३,३२,०००

म्हणजे थोरल्याचं 'लई राबलाय' हे म्हणणं खोटं नव्हतं. मीटर त्याच्या बाजूने बोलतो. पण तो बोलतो ते तीन लाख बत्तीस हजारांपर्यंत, त्याच्या खाली नाही.

भाड्याने चालवणाऱ्यांनी हे जरूर पाहावं

ट्रॅक्टर भाड्याने देणाऱ्याच्या हिशेबात घसारा सुटला तर काय होतं? तोच ट्रॅक्टर वर्षाला ६०० तास भाड्याने चालतो आणि तासाला ६५० रुपये मिळतात असं समजू. डिझेल तासाला ४ लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर ३६० रुपये. ड्रायव्हर ८० रुपये. ऑईल, टायर, दुरुस्ती मिळून ६० रुपये. एकूण रोख खर्च ५०० रुपये.

तासाला १५० रुपये उरले. वर्षाचे ९०,०००. माणूस खूश होतो. आता न दिसणारे खर्च मांडू.

घसारा: ७२,०००
विमा आणि शेड: १०,००० (समजा)
गुंतलेल्या पैशावरचं व्याज: ४४,०००

व्याजासाठी सुरुवातीची आणि शेवटची किंमत यांची सरासरी धरतात. ८,००,००० आणि ८०,००० ची सरासरी ४,४०,००० आणि त्यावर १० टक्के. कर्ज नसलं तरी हे धरावं, कारण तोच पैसा बँकेत असता तर काहीतरी व्याज आलंच असतं.

एकूण न दिसणारा खर्च १,२६,०००. हातात ९०,०००. म्हणजे ३६,००० रुपयांचा तोटा. खरा खर्च तासाला ७१० रुपये आहे आणि भाडं ६५०. दर तासाला ६० रुपये ट्रॅक्टरच्या मालकाच्या अंगावर पडतात आणि त्याला ते कळतही नाही. दहा वर्षांनी ट्रॅक्टर भंगारात निघतो, गाठीला पैसा नसतो आणि मग पुन्हा कर्ज काढावं लागतं. तेव्हा "धंद्यात राम राहिला नाही" असं म्हटलं जातं. खरं तर दर ठरवतानाच ही घट धरायची राहिलेली असते.

यावर दोन वाटा आहेत. एक दर वाढवणं, जे गावात सोपं नसतं. दुसरी तास वाढवणं. हाच ट्रॅक्टर वर्षाला १,००० तास चालला तर घसारा, विमा आणि व्याज मिळून तासाला १२६ रुपयेच पडतात. ६०० तासांना तेच २१० पडत होते. म्हणून शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एक ट्रॅक्टर किंवा एक रोटाव्हेटर घेणं हिशेबाने परवडतं. प्रत्येकाच्या दारात एकेक अवजार वर्षातले दहा महिने गंजत उभं राहणं परवडत नाही.

म्हशीलाही घसारा असतो

दूध धंद्यात हा खर्च हमखास सुटतो. समजा म्हैस १,००,००० ला घेतली. पाच वेतांनंतर विकताना ४०,००० आले. ६०,००० ची घट पाच वेतांवर वाटली तर वेताला १२,०००. एका वेतात २,००० लिटर दूध दिलं तर लिटरमागे ६ रुपये. चारा, पेंड, औषध, मजुरी यांचा खर्च काढून लिटरमागे ५ रुपये सुटतात असं कुणाला वाटत असेल, तर तो प्रत्यक्षात लिटरमागे १ रुपया तोट्यात आहे. घरचीच रेडी वाढवून गोठ्यात आणली तर बाजारातून घेण्याचा पैसा वाचतो, पण तिला वाढवायला गेलेला खर्च मग किमतीच्या जागी धरावा लागतो.

विम्यातला घसारा: इथे दर ठरलेले असतात

गाडीचा विमा काढताना पॉलिसीवर 'आयडीव्ही' नावाचा आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त किती पैसे मिळतील, तो हा आकडा. कंपनीने जाहीर केलेल्या त्या मॉडेलच्या विक्री किमतीतून गाडीच्या वयानुसार घसारा वजा करून तो काढतात. नोंदणीचा आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत. दर असे आहेत:

६ महिन्यांपर्यंत: ५ टक्के
६ महिने ते १ वर्ष: १५ टक्के
१ ते २ वर्षे: २० टक्के
२ ते ३ वर्षे: ३० टक्के
३ ते ४ वर्षे: ४० टक्के
४ ते ५ वर्षे: ५० टक्के

पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात किंमत ठरवायची असते. इथे टक्के दरवर्षी एकावर एक लागत नाहीत, थेट जाहीर किमतीवर लागतात. आठ लाखांचं वाहन अडीच वर्षांचं असेल तर ३० टक्के वजा, आयडीव्ही ५,६०,०००. पाच वर्षांपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात ५० टक्के वजा, म्हणजे ४,००,०००.

हप्ता कमी दाखवण्यासाठी कधी कधी आयडीव्ही मुद्दाम कमी लावला जातो. वर्षाला हजार-दीड हजार वाचतात आणि गाडी चोरीला गेली तर ५०-६० हजार कमी हाती येतात. पॉलिसी हातात पडली की आधी हा आकडा पाहावा.

अपघाताच्या दुरुस्तीतही घसारा कापतात. विमा असूनही पूर्ण बिल का मिळालं नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के कपात असते. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर काहीच कपात नाही. लोखंडी आणि इतर भागांवर गाडीच्या वयानुसार कपात वाढत जाते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ती २५ टक्के असते.

साडेतीन वर्षांच्या एका खासगी चारचाकीचं बिल पाहू. जीएसटी बाजूला ठेवू.

पत्र्याचे भाग ४०,०००: २५ टक्के कापून ३०,०००
प्लास्टिकचा बंपर वगैरे १२,०००: ५० टक्के कापून ६,०००
काच ८,०००: पूर्ण ८,०००
मजुरी १०,०००: पूर्ण १०,०००
रंगकाम ८,०००: यातला चौथा हिस्सा, म्हणजे २,००० रंगाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. मिळतात ७,०००

बिल ७८,००० चं, मंजूर ६१,०००. त्यातून सक्तीची वजावट जाते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला ती १,००० रुपये असते. हातात ६०,०००. म्हणजे १८,००० खिशातून. जास्त हप्ता भरून 'झिरो डेप' म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण घेतलं असेल तर भागांवरची ही कपात लागत नाही, वजावट मात्र राहते. गाडी नवी असताना आणि रोज रस्त्यावर असताना हे संरक्षण घ्यावं की नाही, याचा विचार वरचे आकडे मांडून करावा.

दुकान, गिरणी, भाड्याची गाडी असेल तर

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे नुसती शेती करणाऱ्याला कराच्या हिशेबात घसारा दाखवण्याचा प्रश्न येत नाही. पण गावात आता गिरण्या आहेत, दुकानं, ढाबे, झेरॉक्स सेंटर, भाड्याच्या गाड्या आहेत. त्यांना घसारा खर्च म्हणून दाखवता येतो आणि तेवढं करपात्र उत्पन्न कमी होतं. आयकराच्या नियमांत साधारणपणे यंत्रसामग्रीला १५ टक्के, फर्निचरला १० टक्के, संगणकाला ४० टक्के आणि भाड्याने चालवायच्या मालवाहू गाड्या व टॅक्सींना ३० टक्के दर आहे. हे टक्के उरलेल्या किमतीवर, म्हणजे वरच्या दुसऱ्या रीतीने लागतात.

वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी निम्माच दर मिळतो. म्हणून मार्चमध्ये घेतलेल्या २ लाखांच्या गिरणीला त्या वर्षी १५ नव्हे तर ७.५ टक्के, म्हणजे १५,००० रुपयेच घसारा. खरेदीचं पक्कं बिल नसेल तर यातलं काहीच सिद्ध करता येत नाही. बिल जपून ठेवावं.

कर, अनुदान आणि व्याज यातले टक्के

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मग ट्रॅक्टर ७ टक्के स्वस्त झाला का? नाही. करासह ७,८४,००० ला मिळणाऱ्या ट्रॅक्टरची मूळ किंमत ७,८४,००० ÷ ११२ × १०० = ७,००,०००. त्यावर ५ टक्के कर धरला की ७,३५,०००. कमी झाले ४९,०००, म्हणजे ७,८४,००० च्या ६.२५ टक्के. आणि नवा स्वस्त झाला की दारातल्या जुन्याचाही भाव उतरतो. जुना विकणाऱ्याने हे धरून चालावं, घेणाऱ्याने तर धरावंच.

ठिबकचंही तसंच. राज्यात केंद्राचं आणि राज्याचं मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान ठरवलं गेलं. पण हे टक्के बिलावर नसतात, सरकारने ठरवलेल्या मापदंड खर्चावर असतात. बिल १,५०,००० आणि मापदंड खर्च १,२०,००० धरला तर ८० टक्के म्हणजे ९६,०००. खिशातून गेले ५४,०००, म्हणजे बिलाच्या ३६ टक्के. '२० टक्केच भरायचे आहेत' असं धरून बसलेल्याची इथे ओढाताण होते.

कर्जातही हेच. 'फ्लॅट ९ टक्के' व्याज म्हणजे फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज. पाच लाखांवर पाच वर्षांचं २,२५,००० व्याज लावून महिन्याला साधारण १२,०८३ रुपयांचा हप्ता पडत असेल, तर उरलेल्या मुद्दलावर मोजल्यास तो दर १६ टक्क्यांच्या जवळ जातो. हप्ता ठरवताना 'घटत्या मुद्दलावर दर किती?' हे लेखी विचारावं.

बाजारातला दर आपला आपण काढा

ओळखीच्या कुणी गाडी विकली असेल तर तिच्यावरून आपल्या भागातला घसाऱ्याचा दर काढता येतो. समजा १० लाखांची पिकअप चार वर्षांनी ४ लाख १० हजारांना गेली. विक्री भागिले खरेदी केलं की ०.४१ येतं. चार वर्षांसाठी वर्गमूळाचं बटण दोनदा दाबावं. उत्तर ०.८० च्या आसपास येतं. म्हणजे दरवर्षी ८० टक्के किंमत उरत गेली आणि घसारा २० टक्के पडला. दोन वर्षांची गाडी असेल तर वर्गमूळ एकदाच. अशा तीन-चार गाड्यांचा हिशेब मांडला की अंदाज पक्का होतो.

मात्र कुठलाही टक्का गाडीची कागदपत्रं, टायर, इंजिन आणि मीटर सांगत नाही. बोजा चढलेला असेल तर वित्त संस्थेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० हे पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नयेत.

घसाऱ्याचा पैसा बाजूला काढा

वर्षाचा घसारा ७२,००० असेल तर महिन्याला ६,००० झाले. शेतकऱ्याचा पैसा महिन्याला येत नाही, तो सुगीला येतो, उसाच्या किंवा कापसाच्या पट्टीला येतो. तेव्हा पट्टी आली की त्यातून आधी ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. कर्जाचे हप्ते संपले की "आता ट्रॅक्टर मोकळा झाला" असं म्हणतात. हप्ते संपतात पण झीज थांबत नाही. खरं तर हप्ता संपल्यावरची वर्षंच नव्या ट्रॅक्टरसाठी पैसा साठवायची असतात.

वहीचं एक पान पुरे. त्यावर वस्तूचं नाव, घेतल्याची तारीख, किंमत, किती वर्षं चालेल, शेवटी किती येतील आणि वर्षाचा घसारा लिहावा. घरात दहा वस्तू असतील तर दहा ओळी होतील.

आणि त्या दोन भावांचं?

तीन रीतींनी आणि विम्याच्या दराने चार आकडे आले. ४,४०,०००, ४,००,०००, ३,५४,९६४ आणि ३,३२,०००. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात एक लाख आठ हजारांचं अंतर आहे. धाकट्याचा निम्मा हिस्सा १,६६,००० ते २,२०,००० च्या मध्ये कुठेतरी बसतो. आधीचं भांडण दीड लाख की तीन लाख यावर होतं. आता प्रश्न उरला ५४,००० चा. एवढं अंतर तालुक्याच्या दोन-तीन जुन्या ट्रॅक्टरवाल्यांना मीटर आणि टायर दाखवून, त्यांनी सांगितलेला भाव मध्ये धरून मिटवता येतं.

सहा लाख हा आकडा कुठल्याच रीतीने येत नाही, दोन लाखही येत नाही. हे दोघांनी एकत्र बसून कॅल्क्युलेटरवर स्वतः मांडलं, तर कुणी कुणाला फसवलं असं मनात राहत नाही. ठरलेली रक्कम, ती देण्याची मुदत आणि ट्रॅक्टरचा नोंदणी क्रमांक वाटणीच्या कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.